सदर शेवट या सभेस मान्य नाही

अक्का कुठलंही पुस्तक पहिल्या पानापासून बघत नसत. मध्येच कुठेतरी उघडायच्या, चष्मा नाकावर ओढून अर्धं पान ओठांतल्या ओठांत वाचायच्या, क्षणभर छताकडे बघायच्या आणि निकाल द्यायच्या, "साडेतीन. पाणी मारलंय, बाई. दुसरं द्या."

त्या कऱ्हाटीच्या दूध संकलन केंद्रावर फॅट तपासायला होत्या. सकाळ-संध्याकाळ गावाचं दूध तपासायचं आणि दर आठवड्याला, बारामतीच्या बाजाराच्या दिवशी, माझ्या वाचनालयातली पुस्तकं तपासायची.

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही दोघं केवढे चिडला होतात. तुमच्या आवडत्या जादूच्या पुस्तकमालेचा शेवटचा भाग वाचून झाला होता आणि शेवट तुम्हाला मुळीच पटला नव्हता. "आजी, आता काय करायचं?" असं धाकटीने विचारलं, आणि मी गृहपाठ करा असं काहीतरी सांगून मोकळी झाले. ते उत्तर चुकलं. बरोबर उत्तर अक्कांना माहीत होतं, म्हणून हे लिहायला बसले.

नव्वदच्या दशकात मी त्या छोट्या वाचनालयाची मानद चिटणीस होते. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, नीटनेटकेपणाचं थोडं वेडच असलेली. प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर, कव्हरावर क्रमांक, आणि नियमावलीत मी आग्रहाने घालून घेतलेला एक नियम : पुस्तकात काहीही लिहिल्यास सभासदत्व रद्द.

अक्का चौथी शिकलेल्या, तीही तीन गावांच्या शाळा मिळून. वडील मेंढरं राखायचे. आकडे आपण रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांवर शिकलो, असं त्या सांगत. लग्नानंतर चालणं थांबलं, शेती आली, मग केंद्रावरचं काम आलं. वाचायची हौस मात्र राहिली, आणि ती एकटीची नव्हती. दुपारी केंद्र बंद असे, धुतलेले कॅन पालथे घातलेले असत, आणि तिथे अक्का धरून बारा जणी जमत. अक्का वाचायच्या, बाकीच्या ऐकायच्या. त्यांतल्या सात जणींना अक्षरओळख नव्हती. सगळ्यांचं मिळून कार्ड एकच, अक्कांचं.

एकदा मी त्यांना मुलांच्या कपाटातलं एक पुस्तक दिलं, 'सात वाऱ्यांची राखण', भाग पहिला. रानवी नावाची एक मुलगी मेंढरांसारखे वारे वळते, अशी ती गोष्ट. एकेका भागात एकेक वारा तिच्या कळपात येतो. अक्कांनी पुस्तक मध्येच उघडलं, वाचलं, छताकडे बघितलं आणि पुन्हा वाचू लागल्या.

"साडेसहा!" त्या म्हणाल्या. "म्हशीचं हाय, बाई."

पुढच्या आठवड्यात दुसरा भाग मागताना त्यांनी लेखकाबद्दल खात्रीने सांगितलं, "ह्यो माणूस कळपामागं चाललेला हाय बगा. पुढचं जनावर वळवलं की समदं वळतं, हे घरात बसून ठावं होत न्हाय."

मालेचं वेड मग गावभर लागलं. नवा भाग यायला वर्ष-दीड वर्ष लागे. कॉलेजातली एक मुलगी रोज येऊन चौकशी करी, औषधांचे दुकानदार दुकान अर्धं ओढून येत. शेवटचा, सातवा भाग आला तेव्हा आम्ही दोन प्रती घेतल्या, आमच्या इतिहासात प्रथमच. यादीत पहिलं नाव अक्कांचं होतं. कॉलेजातली मुलगी काकुळतीला आली, "अक्का, मला एका दिवसासाठी द्या ना."

"नंबर म्हंजी नंबर," असं म्हणून अक्कांनी पुस्तक पिशवीत कांद्याच्या वर ठेवलं. मुलीला दुसरी प्रत मिळाली.

ती दोन दिवसांनी आली तेव्हा डोळे सुजलेले होते. "काकू, तिने काठी का मोडली?" एवढंच विचारून पुस्तक ठेवून गेली. औषधवाल्यांनी एका दिवसात वाचून परत आणलं. "लेखकाला कंटाळा आला हो. उरकलंय." बँकेतले एक कारकून पानं सुटली आहेत का, ते माझ्यासमोर मोजून गेले.

शेवट असा होता : रानवी सातही वारे गोळा करते, राजपुत्राच्या किल्ल्यावर नेते, तिथल्या तळघरात कोंडून कुलूप लावते, काठी मोडून मुदपाकखान्यातल्या चुलीत घालते आणि लग्न करून सुखाने राहू लागते.

बाजाराच्या दिवशी अक्का आल्या. त्यांनी पुस्तकाचं शेवटचं कोरं पान माझ्यापुढे उघडलं. त्यावर निळ्या शाईत लिहिलं होतं :

"आज रोजी दूध संकलन केंद्रावर दुपारी सभा झाली. हजर बारा. विषय : सातव्या भागाचा शेवट. चर्चेअंती ठरले की, सदर शेवट या सभेस मान्य नाही. ठराव अकरा विरुद्ध एक मताने मंजूर." खाली सूचक, अनुमोदक, पाच सह्या आणि सात जांभळे अंगठे.

"अक्का, हे काय?"

"ठराव." मला तेवढंही कळू नये, याचं त्यांना नवल वाटलं.

"पण पुस्तकात?"

"मग कुठं लिवायचा? सोसायटीचा ठराव सोसायटीच्या बुकात, पुस्तकाचा पुस्तकात."

आमच्या भागात घरटी कुणी ना कुणी कुठल्यातरी सहकारी संस्थेचा सभासद. शाळेची पायरी न चढलेल्या बाईलाही सूचक कोण आणि अनुमोदक कोण ते कळतं. पण पुस्तकाच्या शेवटावर मतदान घेतलेलं मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

"विरोधात कोण होतं?" न राहवून मी विचारलं.

"आमची आत्याबाय. म्हणली, पोरगी सात भाग चालून दमली, आता बसू द्या की तिला. लोकशाही हाय, बाई."

"आणि तुम्हाला काय खटकलं?"

अक्कांचा आवाज चढला. "वारं कोंडलं तिनं! कळप उघड्यावर ऱ्हातो. भवतीनं जाळी लावायची, वाघर म्हंत्यात आमच्यात. दगडाच्या खोलीत कोंडला तर सकाळी मेलेलाच निघंल. आन् काठी चुलीत घालती व्हय कुणी? माझ्या बापाची काठी अजून आढ्याला हाय."

वाचनालयाच्या अध्यक्षांना सगळे तात्या म्हणत. निवृत्त हेडमास्तर, सज्जन, पण नियमाला पक्के. त्यांनी ते पान पाहिलं आणि निर्णय दिला : बाईंनी ठराव मागे घेऊन पान कापू द्यावं, नाहीतर कार्ड रद्द. नियम माझाच होता.

मी अक्कांना समजावलं, "एक ओळ लिहा, मागे घेतला म्हणून. पान मी व्यवस्थित कापते. कार्ड गेलं तर बारा जणींच्या दुपारी जातील."

"ठराव मागं घ्यायला सभा लागती. माझ्या एकटीच्या हातात हाय का ते?"

म्हणून मी सोमवारी एसटीने कऱ्हाटीला गेले. तुम्ही ती सभा पाहायला हवी होती. पालथ्या कॅनांवर बायका बसलेल्या, मला मात्र खास लोखंडी खुर्ची. अक्कांनी विषय मांडला, कार्ड जाणार हेही स्पष्ट सांगितलं. एकीने पदराने तोंड पुसलं. मग अक्का म्हणाल्या, "मागं घ्यायचा म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. मी आत्याबाईंकडे पाहिलं. सत्तरीच्या पुढच्या, बोळक्या तोंडाच्या. "आत्याबाई, तुम्हाला तर शेवट आवडला होता ना?"

"आवडला हुता की. अजून आवडतोय," त्या म्हणाल्या. "पर झालेला ठराव कुणी दमदाटीनं मागं घ्या म्हणलं, तर माजा इरोद हाय!"

बायका इतक्या हसल्या की बाहेरची म्हैस बिचकली.

निघताना मी अक्कांना बाजूला घेतलं. "एक विचारू? इथे बहुतेकींना वाचता येत नाही. शेवट नाही पटला तर तुम्ही वाचताना बदलून टाकायचा. कुणाला कळलं असतं?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत तेवढ्याच वेळी त्या माझ्यावर रागावल्या.

"खोटं वाचू? बाई, मी माप करती गावाचं. लिवलंय ते लिवलंय तसंच वाचायचं, काना-मात्रा न बदलता. आन् मान्य नसंल तर तोंडावर न्हाय म्हणायचं."

पुढच्या बाजाराला त्या वाचनालयात आल्या त्या थेट तात्यांच्या टेबलापाशी. कार्ड पुढे ठेवलं. "कार्ड घ्या, तात्या. पान ऱ्हाऊ द्या."

"अक्का, हट्ट कशाला?" तात्या नरमाईने म्हणाले. "गोष्ट लेखकाची असते. त्याने हवा तसा शेवट करावा."

"जन्माला त्यानं घातली, खरं हाय. पर इतकी वरसं आमच्यात चाललीया ती. आमाला न इचारता कोंडली."

तात्यांनी कार्ड घेतलं. रजिस्टरमध्ये अक्कांच्या नावावर तांबडी रेघ मी मारली. पट्टी धरून मारली, सरळ. आयुष्यात इतकी वाईट सरळ रेघ मी दुसरी मारलेली नाही.

त्यानंतरच्या बाजाराला आत्याबाई आल्या. सभासद व्हायचं म्हणाल्या.

तात्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाचता येतं का, आजी?"

"न्हाय. ऐकाय येतं."

तात्या माझ्याकडे वळले. मी नियमावली काढली आणि पहिल्या नियमापासून शेवटच्या नियमापर्यंत मोठ्याने वाचली, काना-मात्रा न बदलता. सभासदाला वाचता यायला हवं, अशी अट त्यात कुठेच नव्हती. आत्याबाईंनी अर्जावर अंगठा उठवला. अक्का बाहेर ओट्यावर आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या, जणू रस्त्यावरच्या गाढवांशी त्यांना फार महत्त्वाचं काम होतं.

"कुठलं पुस्तक देऊ?" मी विचारलं.

"भाईर हुबी हाय तिला इचारा," आत्याबाई म्हणाल्या.

पान कापलं गेलं नाही. उलट सगळ्यांना तीच प्रत हवी असे. दुसरी कपाटात धूळ खात पडली. परत येताना त्या पानावर कधी एक सही जास्त असे, कधी दोन. कॉलेजातल्या मुलीची झाली, औषधवाल्यांची झाली, कारकुनांनी तर हुद्द्यासह केली. तात्यांनी पुन्हा विषय काढला नाही. सगळ्यांची कार्डं रद्द करायची, तर वाचनालयात आम्ही दोघंच उरलो असतो.

दोन वर्षांनी अक्कांच्या मुलाला इंदापूरकडे लोणी देवकरला कारखान्यात नोकरी लागली आणि त्या तिकडे राहायला गेल्या. मग भेट नाही. त्या वारल्याचं मला खूप उशिरा कळलं, तेही बाजारात, कुणाच्या तरी बोलण्यातून.

गाव सोडून निघाल्या त्या दिवशी मी त्यांना बारामतीच्या स्टँडवर सोडायला गेले होते. इंदापूर गाडी लागलेली, अक्का खिडकीपाशी, मांडीवर गाठोडं. बरेच दिवस मनात होतं ते मी खालून विचारलं, "अक्का, तुमच्या ठरावात एक राहिलंय. तो शेवट नामंजूर केलात, पण मग मंजूर कुठला केला?"

"दुसरा कशाला पायजे? नामंजूर झाला म्हंजी शेवट झालाच न्हाय की." कंडक्टरने घंटी मारली. अक्का खिडकीतून वाकल्या. "ती हाय अजून, बाई. आज हितं, उद्या तितं. चाललीया कळप घिऊन."

गाडी सुटली. वारा आत शिरला तशी शेजारची बाई काच लावायला उठली. अक्कांनी तिचा हात बाजूला केला आणि खिडकी होती त्याहून जास्त उघडली.