पडलं आणि पाडलं

आमच्या घरात कुणीच काही पाडत नाही, सगळं आपोआप पडतं. निदान माझी मुलगी तसं सांगते. दुधाचा ग्लास पडला, लॅपटॉप पडला, शेजाऱ्यांची कुंडी पडली. अमेरिकेत, शुगर लँडमध्ये जन्मलेल्या मुलीच्या मराठीत 'पाडणं' हे क्रियापदच नाही, म्हणून मी हसून सोडून द्यायची.

या मे महिन्यात बाबा आमच्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते गावी एकटेच राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांचा फोन आला होता, "घर पडलं गं." मातीच्या भिंतींचं घर, मला शंका येण्याचं कारणच नव्हतं. तेव्हापासून ते एका मित्राच्या माडीवर राहत होते. त्याच जागेवर त्यांना नवं घर बांधून द्यायचं मी ठरवलं होतं. कट्टा कुठे, कमोड कुठे, सगळा नकाशा तयार होता. दाखवला की बाबा "बघू" म्हणायचे. मला वाटायचं, लेकीकडून घ्यायला संकोचतायत.

मुलीच्या शाळेत हिस्ट्रीचं प्रेझेंटेशन होतं, रोममधल्या एका अवाढव्य पांढऱ्या स्मारकावर. तुकड्यातुकड्यांचा इटली ज्याच्या राज्यात एक झाला, त्या राजाचं स्मारक. मी म्हटलं, आजोबांपुढे प्रॅक्टिस कर, आणि मराठीत कर.

"ओके आजोबा, सो इटलीचे खूप पीसेस होते. या किंगनं ते युनाइट केले."

"आपल्या महाराजांसारखं," म्हणत बाबा सोफ्यावर मांडी घालून ताठ बसले.

राजाचा पुतळा घोड्यावरचा. घोडा एवढा मोठा की तो बसवायच्या आधी कारागिरांनी त्याच्या पोटात टेबल मांडून खाणंपिणं केलं. तिनं तो फोटोही दाखवला.

"राजाच्या घोड्याच्या पोटात बसून प्यायले?" बाबा हादरलेच. मला हसू आवरेना.

"आणि हे बिल्ड करायला तिथली खूप जुनी घरं पडली," ती पुढे म्हणाली.

"पडली नाहीत, बाळा. पाडली."

"सेम थिंग, आजोबा."

"नाही गं. पडली म्हणजे कुणी काही केलं नाही." एवढं बोलून बाबा खाली कार्पेटकडे बघायला लागले. माझं हसू तिथंच थांबलं.

"बाबा, आपलं घर?"

"पाडलं."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, इथं तर ती खरोखरच गेली होती. गावात महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहणार, हे मला माहीत होतं. चौक मोठा करायला आमचं घर मधे येत होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"कुणी पाडलं?" मी ओरडलेच.

"हे बघ. फोनवर पाडलं म्हणालो असतो तर तू हेच विचारलं असतंस," बाबा म्हणाले. "पुतळा समितीची मंडळी घरी आली, मी हो म्हटलं. महाराजांना नाही कसं म्हणायचं?"

"आणि मोबदला?"

"महाराजांकडून पैसे घ्यायचे?" माझी मलाच लाज वाटावी अशा आवाजात त्यांनी विचारलं.

संताप आला होता, पण तो काढायचा कुणावर? महाराजांवर काढता येत नाही. समोर बसलेल्या या भोळ्या माणसावरही येत नव्हता. मुलीनं गुपचूप लॅपटॉप मिटला आणि ती आजोबांना चिकटून बसली.

"तुमचं परतीचं तिकीट कॅन्सल करते," मी म्हटलं. "इथंच राहा आता."

"छे छे! पुढच्या महिन्यात अनावरण आहे. मला पहिल्या रांगेत खुर्ची देणार आहेत. घर दिलेल्यांचा फेटा बांधून सत्कार आहे." त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडूही येईना.

"आणि कार्यक्रम संपल्यावर?"

"संपल्यावर काय?" बाबा उत्साहात म्हणाले. "जो तो आपापल्या घरी..."

पुढचा शब्द त्यांना सापडला नाही.