न झालेली सही

आधी त्यांनी नुन्झियो स्कोर्दोची ऑलिव्हची झाडं बुंध्यापासून उडवली. मग त्याच्या कुत्रीचं मुंडकं दाराच्या कडीला टांगलं. आमच्या कालाब्रियात, इटलीच्या या दक्षिण टोकाला, याचा अर्थ कुणी कुणाला विचारत नाही.

नुन्झियो नगरपालिकेचा ओव्हरसियर. शाळेच्या डोक्यावरच्या दरडीला भिंत बांधायचं काम सावेरियो या ठेकेदाराकडे, गावाच्या दादाकडे, होतं, आणि ठेका मोजमापाचा होता. जेवढं लोखंड नि काँक्रीट पडेल तेवढं नुन्झियोने पाया बुजवण्याआधी तिथे उभं राहून मोजायचं आणि तेवढ्याचंच बिल निघायचं. सावेरियोला तोच ठेका एकरकमी करून हवा होता. एकदा रक्कम ठरली की जमिनीत काय गाडलं ते बघायला कोण मरतंय? बदलाच्या कागदावर नुन्झियोची सही, एवढंच त्याचं मागणं.

नुन्झियोने बरेच दिवस नन्नाचा पाढा लावला. मुंडकं पाहून मात्र त्याची पाचावर धारण बसली. त्याची बायको फिलोमेना शाळेतच स्वयंपाक करायची.

"भिंत पडली तर आधी पोरं दबतील, मग मी," ती म्हणाली.

"आणि नाही म्हटलं तर आधी तू."

खिशाला पेन खोचून तो निघाला.

वाटेत सावेरियोचा भाचा दोन गडी घेऊन उभा होता. मामाला खूश करायला हा नेहमीचाच उतावीळ. सही करायलाच चाललोय, असं नुन्झियो सांगत राहिला. भाच्याने ऐकून घेतलंच नाही. त्याचा उजवा हात कठड्यावर दाबून धरायला लावला आणि घण घातला. मग पुन्हा घातला. बोटं चेचली, हाडं कातड्याबाहेर आली, पेन रक्तात पडलं.

सावेरियोने भर चौकात भाच्याला लाथांनी तुडवला. "गाढवा, आता सही काय तुझ्या बापाने करायची?" भाच्याचे दात पडले तरी तो थांबेना. ते सगळ्या चौकाने ऐकलं आणि पोलीस आले. ठेका मोजमापाचाच राहिला. सही मिळणारच म्हणून सावेरियोने पाया न मोजताच बुजवला होता; नुन्झियोच्या जागी आलेल्या परगावच्या ओव्हरसियरने तो उकरला, तर निम्मं लोखंड नव्हतंच. सावेरियोची अनामत जप्त झाली, भिंत दुसऱ्याने नव्याने बांधली. पुढच्या हिवाळ्यात दरड सुटली ती त्या भिंतीने अडवली.

आता गावातल्या आया नुन्झियोचा वाकडा हात ओठांना लावतात. तो हात मागे घेतो. त्यांना वाटतं, केवढा हा विनय.

रोज फिलोमेना शाळेतून येते आणि त्याच्या ताटातलं मटण बारीक करून देते. एकदाच तिने विचारलं, "हात मोडला नसता तर?"

"तर तू घरी आली नसतीस," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने जेवू लागला.