पाऊणपटीचे गुरुजी

परेश गुरुजी मूळचे म्हसळ्याकडचे, भातशेतीवाल्या घरातले. समुद्राशी त्यांचा संबंध ताटातल्या बांगड्यापुरता. नागावच्या पुढे आमच्या गावच्या शाळेत बदली होऊन आले, तेव्हा भरती कधी आणि ओहोटी कधी हेही त्यांना कळत नव्हतं. पण माणूस खटपट्या. होडीवाल्यांत बसून त्यांनी किनाऱ्यावरचा जुना हिशेब शिकून घेतला: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चारदा पाऊण, म्हणजे तीन वाजता. पौर्णिमा झाली की पुन्हा एकापासून मोजायचं. हा हिशेब आमच्या बापजाद्यांच्या तोंडी होता. पण गणिताच्या पुस्तकातला अपूर्णांक तो हाच, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुजींनी सांगितलं. पोरांना वर्गातून उठवून वाळूत नेलं. पोरं आधी उत्तर काढायची, मग त्या वेळेला पाण्याच्या कडेला काठी रोवून पाणी तिथून मागे फिरतं का, ते बघत बसायची. "माझी चूक काढा रे, मला आवडेल," असं गुरुजी वरचेवर म्हणायचे. अपूर्णांक म्हटलं की जी पळ काढायची, ती पोरं घरी पाव, पाऊण, सव्वा करत हिंडू लागली. काळूरामची जनी सहावीत आली तरी वर्गात तोंड उघडत नव्हती. तिने वाळूत पहिल्यांदा हात वर केला, तेव्हा गुरुजी स्वतः तिच्या घरी जाऊन आजीला सांगून आले. एवढा आनंद त्यांना स्वतःच्या लग्नात झाला नसेल.

मग अलिबागहून शिक्षण खात्याचे साहेब येणार असं कळलं. गुरुजींचा उपक्रम त्यांना पसंत पडला तर तो जिल्हाभरच्या शाळांत जाणार होता. भेट गुरुवारची ठरली. त्या दिवशी संकष्टी चतुर्थी, म्हणून गुरुजींनी पोरांकडून चतुर्थीचं गणित घोकून घेतलं. हो, घोकून! आयुष्यभर घोकंपट्टीच्या नावाने बोटं मोडली, आणि साहेब येणार म्हटल्यावर तीच जवळ केली. भीती वाईट असते, दुसरं काय.

साहेब गुरुवारी आलेच नाहीत. शुक्रवारी दुपारी गाडी आली. शाळा समितीचा सदस्य म्हणून मी वाळूवर हजर होतो. गुरुजींच्या कपाळावर घाम. त्यांनी आवाज चढवून विचारलं, "आज चतुर्थी. भरती किती वाजता?"

"तीन!" पोरं एका सुरात ओरडली.

जनीने हात वर केला. "गुरुजी, आज पंचमी हाय. आजीची संकष्टी काल झाली. पाचदा पाऊण, पावणेचार."

गुरुजींचा चेहरा पडला. चूक त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आली, हे मी पाहिलं. साहेबांसमोर "वा जनी!" एवढंच म्हणायचं होतं. त्याहून मोठा उपक्रम दुसरा कुठला असणार होता? पण ते हसले आणि म्हणाले, "जनी, खाली बस. पाहुण्यांपुढे मध्येमध्ये बोलू नये."

जनी बसली.

तीन वाजता काठी रोवली. साहेबांनी फोटो काढले, उपक्रमाची शिफारस करतो म्हणाले आणि शहाळ्याचं पाणी पिऊन गेले. समुद्राशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. गाडी वळते न वळते तोच पाणी काठीच्या पुढे सरकलं, आणि सरकतच राहिलं. पोरं एकदा काठीकडे बघत होती, एकदा गुरुजींकडे. गुरुजींनी मान खाली घातली. मी त्यांच्याजवळ गेलो तर म्हणाले, "भाऊ, आज माझी मलाच शरम वाटते."

शिफारस मंजूर झाल्याचं पुढे कळलं, पण गुरुजींनी पेढे वाटले नाहीत. कुणी अभिनंदन केलं की चोरी पकडल्यासारखे ते वाट बदलून जायचे.

साहेब येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शनिवारी काय झालं, ते त्यांनीच मला सांगितलं. सकाळी वर्गात गेल्या गेल्या ते सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "काल मी चुकलो. जनी बरोबर होती, आणि मी तिला गप्प बसवलं. जनी, मला माफ कर." पोरांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींना वाटलं, चला, निस्तरलं. मग हौसेने त्यांनी विचारलं, "आज षष्ठी. सांग बघू जनी, भरती किती वाजता?"

जनी उठली. तिची बोटं फ्रॉकवर भराभर हलली. उत्तर तिला आलं होतं, गुरुजींना ते स्पष्ट दिसत होतं. पण तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं,

"तुमी किती धरलंय, गुरुजी? तेवढंच सांगते."