रविवारची जिलबी

लोणावळ्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत असलेल्या वृद्धाश्रमात मी मुख्य स्वयंपाकीण आहे. त्याआधी लोणावळ्यातल्या एका हॉटेलात होते. तिथे गिऱ्हाईक जेवून गेलं की विषय संपला. इथे सकाळी ज्यांना वाढलं तीच माणसं संध्याकाळी भाजीला नावं ठेवायला हजर असतात.

रविवार मला आवडत नाही. कुणाच्या तरी घरी वाढदिवस असतो, पिंपरी-चिंचवडहून गाड्या भरून मंडळी येतात आणि आजी-आजोबांना गोडाधोडाचं जेवण देतात. हेतू चांगलाच असतो. पण आमच्या निम्म्या लोकांना शुगर आहे हे सांगून सांगून घसा बसला, तरी जिलबीचे खोके आत येतातच. मग टाळ्या होतात, फोटो होतात आणि सोमवारी नर्स माझ्या नावाने शंख करते.

आमच्याकडे सुदुंबऱ्याचे एक आबा आहेत. शेतकरी माणूस, बोलणं कमी. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि काही केल्या भरेना. शुगर खाली आली नाही तर अंगठा काढावा लागेल, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांच्या तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्यांचं ताट मी स्वतः वाढायला लागले.

त्या रविवारी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर वाढदिवसाची मुलगी, कॉलेजात जाणारी, आबांना आपल्या हाताने जिलबी भरवत होती आणि आबा डोळे मिटून खात होते. माझं डोकं फिरलं. तिच्या हातातली जिलबी मी काढूनच घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आबा, अंगठा जड झालाय का तुम्हाला?" मुलगी रडवेली झाली. आबा उठले आणि काठी टेकत खोलीत निघून गेले.

संध्याकाळी त्यांचं ताट तसंच परत आलं. सोमवारी सकाळचा नाश्ताही. पोटात काही नसताना इन्सुलिन देता येईना, आणि त्याशिवाय शुगर खाली येणार कशी? नर्सने हात टेकले. दुपारी ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन मीच गेले.

"राग माझ्यावर आहे ना? मग अन्नावर कशाला काढता?"

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "मला काय जिलबीची हाव न्हाई, ताई. ती पोरगी हातानं भरवत व्हती. आमची म्हातारी गेल्यापासनं कुनी घास दिला न्हाई मला. त्यो बी तुमी काढून घेतला."

मला फार वाईट वाटलं. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला.

"ऱ्हाऊ द्या. तुमी पगारी मानूस. तुमचं ते कामच हाय."

आता मात्र मी चिडले. "माझा पगार स्वयंपाकाचा आहे. भरवायचा मला कुणी देत नाही. उघडा तोंड."

ते गालातल्या गालात हसले आणि त्यांनी घास घेतला. मग दुसरा घेतला. दारात इंजेक्शन घेऊन उभ्या असलेल्या नर्सचा जीव भांड्यात पडला. अर्धी भाकरी अशीच संपली. उरलेली आबांनी माझ्या हातातून घेतली. मला वाटलं, आता आपलं आपण खातील.

"तुमी जेवला का?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. सगळ्यांचं झाल्यावर जेवते मी."

इतकी वर्षं लोकांना जेवू घालतेय, पण ताटावर बसलेल्या माणसाने मला हे कधी विचारलेलं आठवत नाही. आबांनी घास केला आणि माझ्यासमोर धरला.

"आता तुमी उघडा."

मी घास घेतला. डोळे भरून आले, आणि भाजीत मीठ कमी पडलंय हेही तेव्हाच कळलं.