दुसऱ्या मुलीचं नाव

लिलियन डाबरेने सिडनीत, वेस्टमीडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली आणि रक्ताच्या एकाही बाटलीवर चुकीचं लेबल लावलं नाही. हे ती स्वतःच सांगायची, आणि जरा जास्तच वेळा सांगायची. नवरा ज्युलियन म्हणायचा, "लिली, तुझ्या थडग्यावर हेच लिहूया." रिटायर झाल्यावर तिचा जीव घरात रमेना, म्हणून चर्चच्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत ती आठवड्यातून दोन दिवस फुकट काम करू लागली.

तिथे तिच्या वाट्याला एका मिशनची बाप्तिस्म्याची पुस्तकं आली. सव्वाशे वर्षांपूर्वी हे मिशन सिडनीपासून फार लांब, एका नदीकाठी होतं. पाद्र्यांनी तिथल्या मूळ लोकांना पीठ, साखर, ब्लँकेटं दिली आणि त्यांची मुलं काढून घेऊन वसतिगृहात ठेवली. मुलांची भाषा बंद झाली, नावं बदलली. फक्त एका पाद्र्याने, कोण जाणे कुठल्या लहरीत, काही जणांची मूळ नावं समासात टिपून ठेवली होती.

आंटी डोरीन आल्या त्या समासासाठी. त्या लोकांत वडीलधाऱ्या बाईला आंटी म्हणतात. वसईच्या लिलियनला ते घरचंच वाटलं. आंटी ब्याऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेलं. त्यांच्या आईची आई मॉनिका चार वर्षांची असताना तिला मिशनने नेलं होतं. मॉनिकाच्या आईचं खरं नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मरायच्या आधी ते एकदा तोंडाने घ्यायचंय," आंटी म्हणाल्या. "बाकी काही नको."

पुस्तकात मॉनिका सात निघाल्या. त्यातली यांची कुठली? लिलियनने विचारलं, "तुमच्या आईचं नाव काय?" सिसिलिया. मोठ्या मावशीचं? अगाथा. लिलियनचे डोळे चमकले. वसईत तिच्या घरी पिढ्यानपिढ्या हेच चालत आलं होतं: पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव, दुसरीला आईच्या आईचं. ती स्वतः आजीची लिलियन, कॅसल हिलला राहणारी नात तिच्या नावाची लिलियन. म्हणजे आंटींची आई, दुसरी मुलगी, सिसिलिया, तर मॉनिकाची आईही सिसिलियाच असणार. सातांपैकी एकाच मॉनिकाची आई सिसिलिया होती, आणि समासात त्या आईचं मूळ नाव होतं.

खरं तर तिने थांबायला हवं होतं. लॅबमध्ये अशा अंदाजावर तिने कुणाला रक्ताचा गटसुद्धा सांगितला नसता. पण समोर म्हातारी डोळ्यांत प्राण आणून बसली होती. लिलियनने सांगून टाकलं.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते ज्यांचं आहे, त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आंटींनी ते तीनदा उच्चारलं आणि लिलियनचा हात धरून रडल्या. पुढच्या महिन्यात सगळं कुटुंब मिशनच्या पडक्या दफनभूमीत गेलं. नाव कोरलेली लाकडी पाटी उभी केली. आंटींच्या नातीला तेव्हाच मुलगी झाली होती. तिलाही तेच नाव ठेवलं. फोटो आले. लिलियनने ते ज्युलियनला, शेजाऱ्यांना, चर्चमध्ये भेटेल त्याला दाखवले.

चार महिन्यांनी, ती पुस्तकं ज्या खोक्यात आली होती त्याच्या तळाशी मिशनमधल्या नन सिस्टरांची रोजनिशी सापडली. त्यात साध्या अक्षरात लिहिलं होतं, की मूल ज्या संताच्या सणाला जन्मेल त्या संताचं नाव त्याला द्यायचं. आईबापांना विचारायचं नाही. लिलियनने आंटींच्या आईची जन्मतारीख काढली. बावीस नोव्हेंबर, सेंट सिसिलियाचा सण. मोठी मावशी पाच फेब्रुवारीची, अगाथाच्या सणाची. आजीबिजीचा काही संबंधच नव्हता. शिवाय रोजनिशीप्रमाणे लिलियनने शोधलेली मॉनिका नवव्या वर्षी गोवराने गेली होती. आंटींची मॉनिका उरलेल्या सहांपैकी कुठली तरी. आणि त्या सहांचे समास कोरे होते.

"सांगू नकोस ना," ज्युलियन म्हणाला. "शी इज हॅपी. काय मिळणार सांगून?"

"मी लेबल चुकवलंय, ज्युलियन."

ती गेली. आंटी अंथरुणावर होत्या. लिलियनने सगळं सांगितलं. आंटींनी एकच विचारलं, "आणि आमचं नाव?"

"कुठेच नाही. कुणी लिहिलंच नाही."

आंटींनी भिंतीकडे तोंड वळवलं. "आमचं त्यांनी घेतलं. आता आम्ही दुसऱ्या कुणाचं तरी घेऊन बसलो. पोरीच्या अंगावर घातलं." मग म्हणाल्या, "घरात बोलू नकोस. परत काढून घेतलेलं त्यांना झेपणार नाही. मी काही फार दिवसांची नाही. हे आता तुझं."

लिलियनने माफी मागितली. आंटींनी मान वळवली नाही.

तीन आठवड्यांनी आंटी गेल्या. अंत्यविधीच्या छापील पत्रिकेत त्यांच्या नावाखाली पणजीचं नाव होतं, तेच. लिलियन मागच्या बाकावर बसली. मध्येच ती तान्ही रडायला लागली आणि तिला गप्प करायला आई, मावश्या, मामा सगळे तिला त्या नावाने हाक मारू लागले. एकापाठोपाठ एक, लाडाने. त्या नावाची खरी माणसं त्याच नदीकाठी कुठेतरी, ते नाव शोधत असतील. लिलियनने ओठ घट्ट मिटून घेतले.