खड्डा बुजवला की वाजायचं

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. असले अनुभव वाचून मी हसतच आलोय. तरी लिहितोय... कारण यात एका माणसाचं नाव खराब झालं, आणि ते माझ्यामुळे.

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा उन्हाळा. मावळातल्या बेडशाच्या लेण्यांखालच्या काही शेतांत लष्कराचा गोळीबाराचा सराव झाला होता. पेरणीआधी तिथलं झाडलेल्या काडतुसांचं पितळ काढून जमीन साफ करायचा ठेका एकानं घेतला होता. मी धातू शोधायचं यंत्र चालवायचो, लोणावळ्याचे इस्माईलभाई खणायचे. यंत्र म्हणजे दांड्याला तबकडी, पाठीवर बॅटरी, कानाला हेडफोन; खाली धातू असला की त्यात वाजायचं. तबकडी जमिनीच्या अगदी जवळून, पण न टेकवता, सावकाश फिरवायची. घाई केली की खालचं निसटतं. अंगावर लोखंड चालत नाही, वहाणांनाही खिळे असतात, म्हणून मी अनवाणी फिरायचो आणि ट्रंकेची किल्ली बाभळीला टांगायचो.

"भाऊ, जानव्याला किल्ली न्हाई ना ऱ्हायली?" इस्माईलभाई रोज चिडवायचे. "न्हाईतर तुमालाच खणावं लागंल."

एका दुपारी बांधालगत खणखणीत आवाज आला. तबकडी उभ्या रेषेत फिरवली, मग आडव्या... दोन्ही वेळा तीच जागा. इस्माईलभाईंनी हातभर खणलं. काहीच नाही. खड्ड्यावर तबकडी धरली — गप्प. उकरलेल्या मातीवर धरली — तीही गप्प.

वस्तू खड्ड्यात नाही, मातीत नाही. मग राहिलं कोण? मी त्यांच्याकडे बघितलं.

"असं काय बघताय?"

"खिसे दाखवा."

त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे केले. "आता यंत्र बी फिरवा की अंगावरनं! फिरवा!"

मी फिरवलं. आवाज नाही. तरी संशय गेला नाही. वाटलं, माझी नजर चुकवून झुडपात भिरकावलं असेल. संध्याकाळी ठेकेदाराच्या कानावर घातलं. इस्माईलभाईंचं काम सुटलं. पितळचोर म्हणून मावळात त्यांना दुसरीकडेही कुणी ठेवून घेईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो खड्डा बुजवला आणि सवयीनं वरून तबकडी फिरवली.

वाजलं.

बॅटरी बदलली. किल्ली बाभळीवरच होती. पुन्हा उकरलं — गप्प. बुजवलं — आवाज. तिसऱ्यांदाही तेच.

ठेकेदाराकडे जायला हवं होतं. पण सांगणार काय? आणि आदल्या संध्याकाळी मीच छातीठोकपणे चोर दाखवला होता... मी पुढच्या पट्ट्यात निघून गेलो.

इस्माईलभाईंनी लोणावळ्याच्या बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलंय, असं इतक्या वर्षांनी परवा कळलं. गेलो. मला बघून ते उठले, आणि दोन्ही खिसे उलटे करून उभे राहिले.

मी सगळं सांगितलं.

"परत वाजलं, ते कवा कळलं तुमाला?"

"दुसऱ्याच सकाळी."

"आन् आज आलाय व्हय?" ते पंक्चर काढायला खाली बसले.

यंत्राच्या जाणकारांना विचारून झालं. कुणालाच उलगडा होत नाही. मलाही नाही. इस्माईलभाईंनी काही घेतलं नव्हतं, हे मात्र मला त्या सकाळपासून ठाऊक होतं.