हाताखालची थरथर

“आता दुखीन. खोटं नाही सांगत.”

सिस्टर पेशंटच्या कानाशी वाकून हे म्हणत. आणि मग खरंच दुखे.

तुम्ही हॉस्पिटलातल्या अशा एखाद्या खोलीबाहेर बसला असाल, तर तुम्हाला डॉक्टरांचा चेहरा आठवत असेल. मला सिस्टर आठवतात.

माझ्या मोठ्या भावाला, दादाला, डायलिसिस चालू होतं. त्यासाठी त्याच्या डाव्या हातातली धमनी आणि शीर जोडली होती. फिस्टुला म्हणतात त्याला. ती शीर मधूनमधून अरुंद व्हायची, मशीनला रक्त ओढता यायचं नाही. मग दादा नरखेडकडच्या गावाहून एसटीने माझ्याकडे शहरात, नंदनवनला यायचा आणि मी त्याला या हॉस्पिटलात आणायचो. डॉक्टर एक्स-रेच्या पडद्यावर बघत बारीक तारेवरून फुगा आत सरकवत, शीर रुंद करत.

दादा सांगे, “फोटो काढतानी बाकीचे काचेमागं जातात गा. सिस्टर डोक्यापाशीच राहतात, शिशाचा एप्रन घालून.”

पहिल्या खेपेला तो घाबरला होता. माझं ऐकून सिस्टरही त्याला दादाच म्हणू लागल्या.

“बगीचा कायचा हाय दादा?” त्यांनी विचारलं.

“संत्र्याचा.”

“पाइपात कचरा अडकला तं काय करता? मोटर फेकून देता का जी?”

दादा हसला. पुढे तोच दारातून ओरडायचा, “सिस्टर, कचरा काढाले आलो!”

“या. मागच्या खेपेची संत्री लय आंबट निघाली तुमची.”

“मग एक तरी काहून नाही उरलं?”

काम झालं, फुग्याची नळी काढली, की ती जागा बोटांनी दाबून धरावी लागते. फार दाबलं तर शीर बंद पडते, कमी दाबलं तर रक्त येतं. सिस्टर आधी स्वतः दाबत. एकदा रक्त थांबत आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं, हातमोजा दिला आणि माझी बोटं नेमकी ठेवली.

“थरथर लागते का हाताले? ते बंद नाही पडली पाहिजे.”

बोटांखाली मांजर गुरगुरावं तशी ती वाहत्या रक्ताची थरथर. मी हातच काढून घेतला. सिस्टरनी चटकन जागा घेतली. नंतर बाहेर गाठून विचारलं, “काहून घाबरले भाऊ?”

जे बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते मी त्यांना सांगितलं. दादाला किडनी द्यायला माझ्या तपासण्या झाल्या होत्या. सगळं जुळलं होतं. मी भ्यालो. घरी ‘जुळत नाही’ म्हणून सांगा, अशी डॉक्टरांना गळ घातली. डॉक्टरांनी तसंच सांगितलं, त्या दिवशी दादानेच माझी समजूत काढली होती.

सिस्टरनी ऐकून घेतलं. “मले सांगून दादाले काय कळीन?” एवढंच म्हणाल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी माझी बोटं पुन्हा दादाच्या हातावर ठेवली, नीट तपासली आणि पडदा ओढला. “मी इथंच बाहेर हाय. रक्त दिसलं तं आवाज द्या.”

आता हात काढून पळता येत नव्हतं. मी सगळं सांगून टाकलं. दादाने नुसतं हाताकडे पाहिलं. म्हणाला, “तुही बोटं सरकली. नीट धर.”

घरी तो मुकाट्याने जेवला आणि सकाळच्या एसटीने गेला. मग त्याचा फोन नाही. मी केला तर वहिनीच उचलायची. तरीही त्या ओढलेल्या पडद्यासाठी मी सिस्टरांचा जन्माचा ऋणी आहे. त्यांनी मला ना झिडकारलं, ना पाठीवर हात ठेवला. मला बोलायला जागा करून दिली, आणि रक्ताकडे कान ठेवून बाहेर उभ्या राहिल्या.

काही महिन्यांनी वहिनीचा फोन आला, हात पुन्हा अडला म्हणून. दादाला घेऊन हॉस्पिटलात गेलो तेव्हा सिस्टर नोकरी सोडून मुलीकडे राहायला गेल्या होत्या. आभार मानायचे राहूनच गेले. नव्या सिस्टर म्हणाल्या, “नातेवाइकांनी बाहेरच थांबायचं.”

मी बाकावर बसलो. काम संपलं तसा आतून दादाचा आवाज आला.

“मॅडम, त्याले येऊ द्या जी. माहा हात तोच धरते.”

मी आत गेलो, हातमोजा चढवला. पडद्यापलीकडे कुणी उभं नव्हतं.